मुनव्वर मास्तरांची पत्रिका

कराची
१२ फेब्रुवारी १९८७

चि. सुप्रभास पद्मादादाचे आशीर्वाद.

तुझ्या गिरीशरावांनी स्वतःची सर्जरी, म्हणजे दवाखाना, सुरू केल्याचं तुझं पत्र मिळून महिना झाला. अभिनंदनाचं लिहायला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. आज लिहितोय ते अभिनंदनाचं नाही, पण दुसऱ्या कोणाला लिहू? इथून मुंबईला पत्र गेलं की चार जण फोडतात. मँचेस्टरचं निदान दोघेच फोडत असतील, आणि त्यांना मराठी येत नाही.

मुनव्वर मास्तरांना अटक झाली. माझ्या पत्रांतून तुला ते माहीत आहेत. मला शाळेत इंग्रजी आणि उर्दू दोन्ही त्यांनी शिकवलं. सत्तेचाळीस साली काकांनी तुम्हा सगळ्यांना घेऊन मुंबई गाठली आणि आमचे बाबा इथेच राहिले. बाबा वारले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. मास्तरांनीच मला याकूबसेठच्या छापखान्यात प्रूफं वाचायला लावून दिलं. आज तीस वर्षं झाली, तिथेच आहे.

मास्तर अहमदी पंथाचे. ते स्वतःला मुसलमान समजतात, सरकार समजत नाही. चौऱ्याऐंशी साली कायदा झाला, की अहमदी माणसाने स्वतःला मुसलमान म्हणवलं, किंवा तसं वाटेल असं काही बोललं, लिहिलं, तर तीन वर्षं कैद. मास्तर रिटायर झालेले, त्यांना वाटलं आपल्याकडे कोण बघतंय.

त्यांच्या धाकट्या मुलीचं, नुदरतचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून आणला. वर बिस्मिल्ला, खाली पाहुण्यांना अस्सलाम अलैकुम, मध्ये निकाहची तारीख. इथे प्रत्येक पत्रिकेत हेच असतं. कातिबाने ते सुंदर अक्षरात उतरवलं, मी मूळ कागदाशी ताडून पाहिलं आणि खाली सही केली. कायदा मला ठाऊक होता, सुप्रभा. ते तीन शब्द मला दिसले. पण लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेत देवाचं नाव घालू नका, हे मी माझ्या मास्तरांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

तीनशे पत्रिका गेल्या. त्यातली एक थेट पोलीस ठाण्यात पोचली. पोचवणारा मास्तरांच्याच शाळेतला एक शिक्षक. दर ईदला त्यांच्या घरी जेवणारा. लग्नाच्या तीन दिवस आधी मास्तरांना नेलं. लग्न पाच माणसांत उरकलं.

मग पोलीस छापखान्यात आले. याकूबसेठ म्हणाले, मशिनं माझी, मजकुराचं प्रूफवाल्याला विचारा. इन्स्पेक्टरला मास्तरांच्या हस्ताक्षरातला तो कागद हवा आहे. मी म्हटलं, रद्दीत गेला असेल, शोधतो. तो माझ्या घरी ट्रंकेत आहे. तो दिला तर मास्तरांना तीन वर्षं. हे शब्द छापखान्याच्या ठरलेल्या नमुन्यातले आहेत, मीच घातले, असं सांगितलं तर मास्तर कदाचित सुटतील. पण मग अहमदी माणसाच्या पत्रिकेवर अल्लाचं नाव लिहिणारा हिंदू मी. त्याचं काय होईल ते इन्स्पेक्टरने मला चहा पीत पीत समजावून सांगितलं.

संताप संताप होतो. तो दाखवायला जागा नाही म्हणून तुला लिहिलं. फोन करू नकोस.

तुझा
पद्मादादा


मँचेस्टर
१ मार्च १९८७

प्रिय पद्मादादा,

तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये वाचलं. सहा तास थिएटरमध्ये पेशंट्सना भूल देऊन बाहेर पडले होते, पण ते वाचून असा राग आला की गाडीची किल्ली लागेना. ‘हॅलो’ म्हणावं तितक्या साध्या शब्दासाठी तीन वर्षं? ही कसली माणसं?

सगळ्यात आधी तो कागद जाळ. आजच. मग कोर्टात सांग, आमच्याकडे सगळ्या पत्रिकांना हाच नमुना असतो. ते खरंही आहे. तू घाबरतोस हे मी समजू शकते, पण तीस वर्षांपूर्वी ज्या माणसाने तुला उभं केलं त्याच्यासाठी एकदा तरी उभं राहायला हवं.

दुसरं म्हणजे, मी गप्प बसणार नाहीये. लंडनला कॅमडेनमध्ये एक छोटा ग्रुप आहे, जगभर कुठे लेखक, पत्रकार, शिक्षक असे तुरुंगात गेले की ते न्यूजलेटर काढतात, एम्बसींना पत्रं पाठवतात. तिथल्या हेलनशी मी फोनवर बोलले. ती म्हणाली, अशा केसेसची आकडेवारी आमच्याकडे ढीगभर आहे, पण छापखान्यात आत बसलेल्या माणसाचा आवाज कधीच मिळत नाही. म्हणून मी तुझं पत्र ट्रान्सलेट करून तिला पाठवलंय. छापायचं तू हो म्हटल्यावरच. लवकर हो म्हण.

गिरीशला हे फारसं पसंत नाही. त्याच्या सर्जरीत दहातले सात पेशंट पाकिस्तानी. तो म्हणतो, तुला काय करायचं ते कर, आपलं नाव मात्र कुठे येता कामा नये. एवढं मी त्याचं ऐकणार आहे.

आशावहिनींना नमस्कार.

तुझी
सुप्रभा


कराची
५ एप्रिल १९८७

चि. सुप्रभास आशीर्वाद.

नाही. छापू नकोस. पाठवलं आहेस ते परत माग. हे मी पहिल्याच ओळीत लिहितोय, म्हणजे पुढचं वाचायच्या आत तू हेलनला फोन करशील.

उभं राहा म्हणून तू मला लिहिलंस. मँचेस्टरहून ते लिहायला एक तिकीट लागतं. आम्ही इथे मराठी बोलणारी मोजकी घरं उरलो आहोत. आशा बाजारात कुंकू पुसून जाते. माझी मंजिरी कॉलेजात ‘एम. नार्वेकर’ एवढंच नाव सांगते, पारशी समजले तर बरं म्हणून. आम्ही चाळीस वर्षं उभेच आहोत. आवाज न करता उभे आहोत, म्हणून तुला दिसत नाही.

आता मास्तरांचं सांगतो. तुझं पत्र आल्यावर मी कागद जाळणारच होतो. पण त्याआधी मास्तरांना सांगावं म्हणून तुरुंगात भेटायला गेलो. जाळीच्या पलीकडे ते, अलीकडे आम्ही चाळीस माणसं, सगळे ओरडून बोलणारे. मास्तरांची दाढी वाढली आहे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली आहे. मी जाळीला तोंड लावून सांगितलं, की नमुन्याचं सांगेन, कागद नाहीसा करेन, तुम्ही फक्त नाही म्हणा.

त्यांनी मला शाळेत बघायचे तसं बघितलं. म्हणाले, “पद्माकर, ते शब्द मी लिहिले. माझ्या मुलीसाठी लिहिले. तू उद्या कोर्टात सांगणार की ते छापखान्याचे होते. म्हणजे यांनी जे माझ्याकडून काढून घ्यायचं ठरवलं आहे, ते तूच काढून त्यांच्या हातात देणार.”

मला त्यांचाही राग आला. मी म्हटलं, तुमचं वय अडुसष्ट, तीन वर्षं म्हणजे काय ते कळतं का? ते म्हणाले, कळतं, म्हणूनच खोटं बोलून वाया घालवायची नाहीत. कागद कोर्टाला दे, आणि विचारतील त्याचं खरं उत्तर दे. एवढं बोलून तेच आधी वळले.

ट्रंक उघडतो, कागद बघतो, पुन्हा ठेवतो. आशा म्हणते, मास्तर त्यांच्या हट्टासाठी तुरुंगात जातील, त्यात तुम्ही कशाला. तिचंही खोटं नाही.

पुन्हा लिहितो. छापू नकोस.

पद्मादादा


मँचेस्टर
१४ मे १९८७

प्रिय पद्मादादा,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा न्यूजलेटर ऑलरेडी प्रेसमध्ये गेलं होतं. आय ॲम सॉरी. पण काळजी करू नकोस. तुझं नाव नाही, माझं नाही, मास्तरांचं फक्त ‘एम’. फक्त एवढंच म्हटलंय, की कराचीच्या एका छापखान्यात प्रूफं वाचणारा मराठी माणूस. इतकी मोठी सिटी, कोण शोधतंय?

आणि रिस्पॉन्स बघ. एम्बसीला साठ पत्रं गेली. दोन खासदारांनी उत्तर दिलं. कुणीतरी हेलनला म्हणालं, हे वाचून मला झोप लागली नाही. मास्तरांना ह्याचा उपयोग होईल, तू बघच.

पत्र लिही. तुझं पत्र नाही आलं की मला काही सुचत नाही.

सुप्रभा


कराची
९ ऑगस्ट १९८७

सौ. सुप्रभा सबनीस यांस,

मी तुम्हाला आजवर ‘तू’ लिहीत आले. या पत्रात लिहिणार नाही.

तुमच्या दादांना लिहिता येत नाही, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत. कशी ते सांगते. लंडनच्या तुमच्या मासिकातलं ते पत्र इथल्या एका उर्दू पेपराने उचललं. मथळा दिला, ‘हिंदू कारकुनाचा परदेशात कांगावा’. कराचीत छापखान्यात प्रूफं वाचणारे मराठी किती असतील असं वाटलं तुम्हाला? एक आहे.

जुलैच्या तीन तारखेला सात-आठ जण छापखान्यात शिरले. भर दुपारी. यांना टेबलाखालून ओढून काढलं. बोटं ड्रॉवरमध्ये घालून ड्रॉवर लावला. याकूबसेठ मध्ये पडले म्हणून जीव वाचला, पण त्याच संध्याकाळी त्यांनी निरोप पाठवला की उद्यापासून येऊ नका. मग पोलीस आले, मारणाऱ्यांना नाही, यांना घेऊन गेले. चार दिवस. परदेशाला बातम्या पुरवता का, ही कोणती लिपी, हिंदुस्थानातून कोण लिहितं, हेच सारखं. तुमची वीस वर्षांची पत्रं पोत्यात भरून नेली. मंजिरीचं कॉलेज मी बंद केलं.

यांनी ‘छापू नकोस’ असं दोनदा लिहिलं होतं. मी पाकीट चिकटवताना वाचलं होतं. तरी छापलंत. यांनी नाही म्हटलेलं तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि म्हणे तुम्ही ज्यांना बोलू देत नाहीत त्यांच्यासाठी लढता.

आणखी एक. तो अंक एका माणसाने मला आणून दाखवला. मला इंग्रजी बेताचं येतं, पण नावं वाचता येतात. त्यात छापणारीचं नाव आहे. आमचं नाव नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं. तुमचं नाव मात्र कुठेच नाही, आणि कोणालाही कळलेलं नाही.

उत्तर पाठवू नका असं म्हणणार नाही. पण मी वाचेनच असं नाही.

आशा नार्वेकर


मँचेस्टर
३० ऑगस्ट १९८७

वहिनी आणि पद्मादादा,

दोघांनी वाचावं म्हणून दोघांना लिहितेय. नाही वाचलंत तरी लिहिलं पाहिजे.

मी मे महिन्यात खोटं लिहिलं. दादा, तुझं पत्र मला मंगळवारी मिळालं. अंक छपाईला शुक्रवारी गेला. मधे तीन दिवस होते. मी रोज हॉस्पिटलच्या फोनपाशी जायची आणि परत यायची. मनात म्हणायची, तो घाबरलाय, त्याचं भलं मला जास्त कळतं. आणि खरं सांगायचं तर, माझं ट्रान्सलेशन फार छान झालं होतं. हेलनने तसं म्हटलं होतं. वीस वर्षं मी या देशात फक्त भूल देत आलेय, कधी कुणी माझं लिहिलेलं वाचलं नव्हतं. ते छापलेलं मला बघायचं होतं. एवढ्यासाठी तुझी बोटं गेली.

वहिनींचं पत्र आलं त्या शनिवारी मी ट्रेनने लंडनला गेले. हेलनला सगळं सांगितलं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, हे भयंकर आहे, पण आम्ही या वर्षी छापलेल्यात ते पत्र सगळ्यात परिणामकारक होतं. आणि पुढच्या अंकात बोटांबद्दल थोडं लिहिता येईल का. मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही. सगळ्या ऑफिसने ऐकलं. पण स्टेशनपर्यंत चालताना कळत होतं, की तिला पत्र देणारी मीच.

घरी आल्यावर गिरीशला वहिनींचं पत्र वाचून दाखवलं. तो मग म्हणाला, “नशीब, आपलं नाव नव्हतं.” त्या वाक्यावर मी ताटावरून उठले. तो वाईट माणूस नाही. पण तेच वाक्य मे महिन्यात मी स्वतः मनातल्या मनात म्हटलं होतं.

तुम्हा तिघांना इकडे बोलवायचे कागद मी वकिलाकडून तयार करून घेतेय. भरपाई म्हणून नाही, ती होणार नाही. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. या वेळी मी विचारतेय आणि उत्तराची वाट बघणार आहे.

सुप्रभा


कराची
६ डिसेंबर १९८७

चि. सुप्रभास आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे ते समजून घे. बोटं जुळली, पण पेन धरायची पद्धत बदलावी लागली.

तुझं पत्र आम्ही दोघांनी वाचलं. आशाने ते चुलीत घातलं नाही, कपाटात ठेवलं. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो जाईल तेव्हा जाईल. पण आता मला तुझ्याकडून एक काम हवं आहे.

मागच्या सोमवारी माझी साक्ष झाली. मास्तरांना बेड्या घालून आणलं होतं. पत्र इथल्या पेपरात आलं तेव्हाच आशाने ट्रंकेतून काढून लपवलेला, म्हणून झडतीत न सापडलेला तो कागद मी खिशातून काढून कोर्टाला दिला. सरकारी वकिलाचा चेहरा असा फुलला, की जणू मी त्याच्या बाजूने आलोय. अहमदींचे जे चार-पाच लोक मागे बसले होते त्यांनी माना खाली घातल्या. नुदरत त्यांच्यात होती. माझ्याकडे बघून तिने तोंड फिरवलं.

वकिलाने विचारलं, हे अक्षर कोणाचं? मी म्हटलं, मास्तरांचं. हे शब्द छापखान्याने घातले का? नाही, त्यांनीच लिहिले. कोणी सांगून लिहून घेतले का? नाही. त्याचं काम झालं होतं, तो खाली बसायला लागला. मी साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरलो नाही. मॅजिस्ट्रेटने विचारलं, आणखी काही?

मी म्हटलं, “हुजूर, तीस वर्षं माझं काम चुका शोधण्याचं आहे. हा कागद मी अक्षर न् अक्षर वाचला होता. त्यात चूक नव्हती.”

 मॅजिस्ट्रेट टायपिस्टला म्हणाला, शेवटचं घेऊ नका. टायपिस्टने ते आधीच टाइप केलं होतं. त्याने रूळ मागे फिरवला आणि त्या वाक्यावर एक्स, एक्स, एक्स मारत गेला. तो खटखट आवाज मी ऐकत उभा होतो. माझी बोटं मोडली तेव्हाही इतका राग आला नव्हता. मारणारे निदान आरडाओरडा करून आले होते. हा माणूस खुर्चीत बसून, चष्मा पुसत, माझ्या तोंडातलं वाक्य माझ्यासमोर पुसून टाकत होता आणि वर मला म्हणाला, सही करा. खाली सही माझी, आणि वर माझं वाक्य नाही.

मी सही केली. न करतो तर मंजिरी आणि आशा घरी एकट्या होत्या. हेही लिहून ठेवतो, म्हणजे तू मला शूर वगैरे समजणार नाहीस.

मास्तरांना त्याच दिवशी दोन वर्षांची शिक्षा झाली. अपील करतील. नेताना ते माझ्यासमोर थांबले, शिपायाने दोरी ओढली तरी थांबले. बेड्या घातलेले दोन्ही हात वर करून माझ्या डोक्यावर ठेवले.  नुदरतने घरी पोचल्यावर भावाच्या हाती मिठाई पाठवली. ती का पाठवली ते मी विचारलं नाही, आम्ही खाल्ली.

तिकडे यायचं आम्ही ठरवलेलं नाही. मंजिरीला पाठवावं असं आशाला वाटतं. मी सध्या घरी बसून शाळेच्या गाईडांची प्रूफं वाचतो.

काम हे आहे. माझं वाक्य कोर्टाच्या कागदात नाही. इथल्या कुठल्याही पेपरात येणार नाही. तू ते छाप. हे सगळं पत्र छाप. आशाला आधी वाचून दाखवलं आहे. ती म्हणाली, मार तर खाऊन झाला, आता निदान आपलं म्हणणं आपल्या नावाने जाऊ दे. तेव्हा ‘एक मराठी माणूस’ असं काही नको. पद्माकर विनायक नार्वेकर, प्रूफरीडर, कराची.

आणि खाली अनुवाद करणाऱ्याचं नाव छाप. ते नसेल तर हे पत्र परत पाठव.

पद्मादादा


मँचेस्टर
१७ जानेवारी १९८८

प्रिय पद्मादादा,

सोबत प्रूफ आहे. तू तपासून पाठवल्याशिवाय एक ओळ छापली जाणार नाही. हेलनला मी तसं लिहून दिलंय आणि तिच्याकडून लिहून घेतलंय. एका शब्दप्रयोगावर मी अडलेय, ‘पुसून टाकत होता’. मी तीन पर्याय बाजूला लिहिलेत, कोणता ते तू सांग.

गिरीशला मी सांगितलं, विचारलं नाही. तो काल सर्जरीतून आला आणि म्हणाला, पेशंट गेले तर जाऊ देत असं म्हणण्याइतका मी धीट नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नकोस. मी म्हटलं, नाही ठेवत.

हेलनने सुचवलं की मी माहेरचं नाव लावावं. भावंडांची दोन नार्वेकर नावं शेजारी छान दिसतील, आणि इथे नार्वेकर कोणाला माहीत? मला एक मिनिट ते फार पटलं. मग प्रूफात मी स्वतः बदल केला. शेवटच्या ओळीत बघ. डॉ. सुप्रभा सबनीस, मँचेस्टर. गिरीशच्या सर्जरीच्या पाटीवर आहे तेच आडनाव, त्याच स्पेलिंगचं.

मंजिरीचे कागद वेगळ्या पाकिटात पाठवलेत.

सुप्रभा